लहान बिझनेस जेट विकत घेण्यापूर्वी : प्रवासाच्या वहीपासून ताब्यापर्यंत

उलव्याच्या, म्हणजे नवी मुंबईच्या, विमानतळावरून उड्डाणं सुरू झाल्यानंतरची गोष्ट. रबाळ्याच्या एका कारखानदारांनी मला घरी चहाला बोलावलं. वयाने आणि नात्याने मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणतो. टेबलावर चार लहान जेट विमानांची माहितीपत्रकं पसरलेली होती. एकात लाकडी कलाकुसर, दुसऱ्यात बर्फावर उतरणारं विमान. दादा म्हणाले, "तुझी बावीस वर्षं हँगरमध्ये गेली. सरळ सांग, यातलं कुठलं घेऊ?"

मी विचारलं, "गेल्या वर्षभरात कुठे कुठे गेलात, लिहून ठेवलंय?"

दादांनी नाही ठेवलं होतं. वहिनींनी ठेवलं होतं. आतून त्या एक जाड डायरी घेऊन आल्या. तिकिटं, हॉटेलं, कोण बरोबर होतं, परत किती वाजता आले, सगळं तारखेवार. त्या डायरीने दोन तासांत चारपैकी दोन विमानं बाद केली, आणि माहितीपत्रकं आम्ही उघडलीही नव्हती.

ठाणे, नवी मुंबई, तळोजा, महापे या पट्ट्यातून आता असे फोन बरेच येतात. पैसा आहे, गरजही अनेकदा खरी असते, पण निवड चुकीच्या टोकापासून सुरू होते. आधी विमान आवडतं, मग त्याला साजेशा सहली शोधल्या जातात. मी जो क्रम सांगतो तो उलटा आहे, आणि त्यातल्या काही पायऱ्यांवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पैसे तिथेच बुडतात.

पहिली पायरी : बारा महिन्यांची वही

मागचे बारा महिने घ्या, त्यात पावसाळा आलाच पाहिजे. प्रत्येक प्रवासासाठी लिहा: कुठून कुठे, किती माणसं, सामान किती आणि कसलं, किती वाजता पोहोचणं गरजेचं होतं, मुक्काम झाला की त्याच दिवशी परत आलात, आणि शेवटच्या ठिकाणापासून सर्वांत जवळची धावपट्टी कोणती. कामाचे प्रवास एका शाईने, घरचे दुसऱ्या शाईने. या दोन रंगांचा पुढे करांशी थेट संबंध येतो.

मग प्रत्येक प्रवासापुढे एक खूण करा: हे काम नेहमीच्या प्रवासी विमानाने तितकंच बरं झालं असतं का? मुंबई–दिल्ली किंवा मुंबई–बंगळूरुसाठी उत्तर बहुतेकदा 'हो' येतं, कारण दिवसभर विमानं असतात. खासगी जेटची खरी कमाई असते सकाळी राजकोट, दुपारी नागपूर, रात्री घरी अशा दिवसांत. दादांच्या वहीत असे दिवस भरपूर होते. बहुतेक वेळा दोन ते चार माणसं, अंतर हजार किलोमीटरच्या आत, वर्षातून तीन वेळा दुबई, एकदा सिंगापूर.

आता तास मोजा. फक्त तुम्ही आत बसलेले तास धरून चालणार नाही. तुम्हाला सोडून रिकामं परत येणारं, तुम्हाला घ्यायला रिकामं जाणारं विमानही इंधन जाळतं. सगळे मिळून वर्षाला शंभर तासांच्या आत येत असतील तर माझा सल्ला स्पष्ट आहे: विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. दोनशे तासांच्या पुढे मालकीचा विचार रास्त ठरतो. मधल्या पट्ट्यात निर्णय वेळेच्या किमतीवर आणि ऐनवेळी भाड्याचं विमान मिळण्यावर अवलंबून असतो.

दुसरी पायरी : पल्ल्याचा आकडा सोलून बघा

प्रत्येक माहितीपत्रकावर पल्ला मोठ्या अक्षरात असतो. एम्ब्राएरचं फेनम ३००ई सुमारे २,०१० सागरी मैल, पिलाटसचं पीसी-२४ सुमारे २,०००, सेसनाचं सायटेशन सीजे४ सुमारे २,१६५. होंडाजेट त्याहून लहान, त्याच्या एलीट मॉडेलचा पल्ला १,४३७ च्या आसपास. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

हे आकडे खोटे नसतात, पण ठरावीक अटींवर काढलेले असतात. वारा शून्य, वेग इंधन वाचवणारा, माणसं मोजकी. सर्वाधिक वेग आणि सर्वाधिक पल्ला एकाच उड्डाणात मिळत नाही. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: "माझी इतकी माणसं, इतकं सामान, जानेवारीतला वारा आणि पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन धरून मुंबई–दुबईचं गणित लेखी द्या."

जानेवारीच का? हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात आणि दुबईला जाताना ते तोंडावर येतात. मुंबई–दुबई अंतर साधारण १,०४० सागरी मैल. ४२० नॉटने, म्हणजे तासाला ४२० सागरी मैलांनी, जाणाऱ्या विमानाला १०० नॉटचा समोरचा वारा लागला, तर जमिनीवरचा वेग उरतो ३२०. प्रवासाला सव्वातीन तास लागतात, आणि तितक्या वेळात वारा नसता तर ते १,३६५ मैल गेलं असतं. म्हणजे १,४०० मैलांच्या विमानासाठी दुबई ही काठावरची गोष्ट झाली. दोन हजार मैलांच्या विमानासाठी तीच सहल निवांत आहे. दादांच्या यादीतलं पहिलं विमान इथेच गळलं.

आणि सिंगापूर? मुंबईहून ते २,१०० सागरी मैलांच्या पुढे. या वर्गातलं विमान तिथे मधे उतरूनच जाणार. दादांचा पहिला विचार होता, एक वर्ग वरचं विमान घ्यावं. मी आडवा पडलो. वर्षातून एका प्रवासासाठी कायमचा जास्त खर्च डोक्यावर का घ्यायचा? तिथे प्रवासी विमानाच्या पुढच्या वर्गाचं तिकीट काढावं. वहिनींनी ते लगेच मान्य केलं, दादांना आठवडा लागला.

तिसरी पायरी : टाकी भरली की किती माणसं उरतात

फसगत सर्वांत जास्त इथे होते. दहा आसनं आहेत म्हणून दहा माणसं दोन हजार मैल जातील असं नसतं. विमानाचं कमाल वजन ठरलेलं असतं. त्यातून रिकाम्या विमानाचं वजन, वैमानिक आणि इंधन वजा केलं की उरतं ते प्रवासी आणि सामानासाठी.

सुरुवातीच्या पीसी-२४ मध्ये टाकी पूर्ण भरल्यावर साधारण सव्वातीनशे किलो उरत. माणूस आणि बॅग मिळून ९५ किलो धरले तर तिघं. हा आकडा एकाच वैमानिकावर काढला असेल तर दुसरा वैमानिक चढल्यावर दोघंच. याचा अर्थ विमान वाईट असा अजिबात नाही, कारण मुंबई–नागपूरला पूर्ण टाकी लागतच नाही. पुढे २०२३ मध्ये कंपनीने याच विमानाची वजन वाहण्याची क्षमता ६०० पौंडांनी, म्हणजे सुमारे २७० किलोंनी, वाढवल्याचं जाहीर केलं. सांगायचा मुद्दा असा, की नाव तेच असलं तरी उत्पादनाचं वर्ष आणि क्रमांक बदलला की विमान बदलतं. वापरलेलं घेताना त्या विशिष्ट विमानाचा वजनकाट्यावरचा अहवाल मागा, मॉडेलचा नको. जास्तीचं कपाट, जड सोफा, उपग्रह-इंटरनेटचं यंत्र, हे सगळं त्या रिकाम्या वजनात बसलेलं असतं.

आणि सामानाचा आकार. दादांच्या कारखान्यात बंद पडलेल्या मशिनसाठी दीड मीटर लांबीच्या लाकडी पेट्या तातडीने न्याव्या लागतात. बहुतेक लहान जेटमध्ये सामानाचा कप्पा बाहेरून उघडतो, तोंड अरुंद असतं. पीसी-२४ ला मागे मालाचा मोठा दरवाजा आहे, सव्वा मीटर बाय १.३ मीटरचा, आणि केबिनची फरशी सपाट आहे. ऑस्ट्रेलियातली रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस हे विमान रुग्ण नेण्यासाठी वापरते, त्यामागे हा दरवाजा मोठं कारण आहे. २०१४ च्या मे महिन्यात जिनिव्हाच्या प्रदर्शनात या विमानाची विक्री उघडली, तेव्हा दीड दिवसात ८४ विमानांची मागणी नोंदली गेली, पहिलं उड्डाण व्हायला अजून वर्ष बाकी असताना. ज्यांची गरज फक्त माणसं आणि लॅपटॉप एवढीच आहे, त्यांना मात्र हा दरवाजा काही देत नाही. त्यांनी फेनमचा वेग बघावा.

चौथी पायरी : धावपट्टी, ऊन आणि पाऊस

इथे मी थांबणार आहे, कारण आपल्या भागात विमानाची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर असते.

उड्डाण आणि उतरण्याची जी अंतरं छापलेली असतात ती समुद्रसपाटीवर, १५ अंश तापमानात, कोरड्या धावपट्टीवर मोजलेली असतात. ठाण्यात १५ अंश कधी असतं? मे महिन्यातल्या दुपारी पस्तीसच्या पुढे पारा जातो, घाटावर चढलं की उंचीचीही भर पडते. पुण्याचा विमानतळ जवळपास ५९० मीटर उंचीवर आहे. हवा विरळ झाली की पंख कमी उचलतात, इंजिनाचा जोरही ठराविक तापमानानंतर घटतो. म्हणून वहीतल्या प्रत्येक धावपट्टीसाठी ३८ अंशांचा तक्ता मागा.

उतरण्याचं गणित मी असं शिकवतो. पीसी-२४ चं छापील उतरण्याचं अंतर ७२४ मीटर आहे. व्यावसायिक वाहतुकीत जेटसाठी प्रचलित नियम असा, की उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबता आलं पाहिजे. म्हणजे हवी सुमारे १,२१० मीटर. ओली असेल तर आणखी १५ टक्के, म्हणजे जवळपास १,३९०. खासगी विमानाच्या मालकाने कायद्याने सक्ती असो वा नसो, हाच हिशोब पाळावा असं माझं ठाम मत आहे. आता १,३०० मीटरची एखादी जिल्ह्याची धावपट्टी घ्या: डिसेंबरात चालेल, जुलैत नाही. अमरावतीची १,८५० मीटर किंवा शिर्डी आणि सिंधुदुर्गातल्या चिपीची २,५०० मीटर असेल तर लांबीची चिंता नाही.

या वर्गातल्या बऱ्याच विमानांना, पीसी-२४ आणि फेनम ३०० धरून, इंजिनाचा जोर उलटा फिरवून वेग मारण्याची सोय नसते. सगळा भार चाकांच्या ब्रेकवर आणि पंखावरच्या झडपांवर. पाणी साचलेल्या धावपट्टीवर टायर तरंगला की ब्रेक हतबल होतो. २०२३ च्या १४ सप्टेंबरला मुंबईत मुसळधार पावसात, दृश्यमानता ७०० मीटर असताना एक लिअरजेट ४५ उतरताना धावपट्टीवरून घसरलं आणि मोडलं. आतली आठही माणसं वाचली. कारणांची चर्चा तज्ज्ञांवर सोडू, पण खरेदीदाराने यातून एक गोष्ट आधीच लिहून ठेवावी: खराब हवेत वैमानिक 'नाही' म्हणाला तर मालक दुसऱ्यांदा विचारणार नाही. मी हे वाक्य वैमानिकांच्या करारात घालायला लावतो.

कच्च्या धावपट्टीचं काय? पीसी-२४ गवत, खडी, माती यांवर उतरण्यासाठी प्रमाणित आहे, आणि जाहिरातीत ते सर्वांत ठळक असतं. आपल्याकडे मात्र जिथे जायचं तिथे बहुधा डांबरी पट्टी असते. मग त्याचा उपयोग काय? मजबूत दुहेरी चाकं, कमी दाबाचे टायर आणि उंच बसवलेली इंजिनं. लहान गावच्या धावपट्टीवर खडे असतात, कडेला भेगा असतात, तिथे या गोष्टी कामी येतात. पण धावपट्टी निवडताना लांबीइतक्याच बाकीच्या चौकशा मोलाच्या आहेत: रात्री उतरण्याचे दिवे आहेत का, अग्निशमन गाडी उभी असते का, इंधन मिळतं का, नियंत्रण कक्ष किती वाजता बंद होतो, ढगांतून खाली यायला उपकरणांचा मार्ग आखलेला आहे का. आपल्या 'गगन' उपग्रह प्रणालीवर चालणारा स्वीकारक विमानात असला, तर जिथे तसे मार्ग आखले गेलेत तिथे फायदा होतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये किशनगढला अशा मार्गाने प्रवासी विमान पहिल्यांदा उतरवून दाखवलं गेलं.

पाचवी पायरी : विमान राहणार कुठे

ठाण्यातल्या माणसाला गाडी घेताना पार्किंगचा प्रश्न आधी सुचतो. विमानाच्या बाबतीत तोच माणूस तो शेवटी विचारतो, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

मुंबई विमानतळावर खासगी विमानांसाठी कलिन्याच्या बाजूला वेगळी सोय आहे, पण जागा तुटपुंजी आणि गर्दी प्रचंड. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारने तिथे खासगी उड्डाणांवरची गर्दीच्या वेळेची बंदी दिवसाला चार तासांवरून आठ तासांवर नेली. सकाळी आठच्या सुमाराला निघून दहाला दुसऱ्या गावी बैठक, हा बेत त्या आठ तासांत अडकू शकतो. जुहूची धावपट्टी ऐतिहासिक आहे, १९२८ पासूनची, पण साधारण १,१४० मीटरची, आणि तिथे हेलिकॉप्टरचीच वर्दळ. तिथून जेटची आशा धरू नका.

उलव्याची धावपट्टी ३,७०० मीटरची आहे. ठाण्याहून ठाणे–बेलापूर रस्ता आणि पाम बीच रस्ता धरून, वाटेत ऐरोली किंवा वाशीला गर्दी लागली नाही तर तासाभरात पोहोचता येतं. रबाळे, महापे, तळोज्याच्या लोकांना तर ते घराजवळचं. पण धावपट्टी असणं आणि तुमच्या विमानाला रात्रभर, वर्षभर उभं राहायला जागा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा, दर, हँगर छपराचा की उघडा, मुदत किती, हे सगळं लेखी हातात येईपर्यंत विमानाचा बयाणा देऊ नये. जागा मिळाली नाही तर विमान नाशिकजवळ ओझरला किंवा आणखी लांब ठेवावं लागतं, आणि प्रत्येक सहलीला दोन रिकामी उड्डाणं चिकटतात. वहीतल्या तासांत ती आधीच धरा.

छपराचा हट्ट मी धरतो. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा ओलावा. उघड्यावर उभ्या विमानाच्या अँटेनाच्या बुडाशी, चाकांच्या खणात आणि बॅटरीच्या कप्प्यात गंज आधी धरतो.

सहावी पायरी : आत बसून बघा

थोडक्यात. घरातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत वयस्कर माणसाला बरोबर न्या. फेनमची केबिन साधारण दीड मीटर उंच, पीसी-२४ ची १.५५, म्हणजे दोन्हींत वाकूनच चालायचं. आजींना पायऱ्या चढता येतात का, शौचालयाचं दार पुरतं लागतं का, ते तपासा. दुपारी दीड वाजता, दार बंद करून, वीस मिनिटं जमिनीवर बसा. लहान जेटमध्ये बहुधा वेगळं सहायक इंजिन नसतं, त्यामुळे उभ्या विमानात थंडावा बाहेरच्या वीजपुरवठ्यावर अवलंबून असतो. पीसी-२४ मध्ये उजवं इंजिन मंद गतीवर ठेवून वीज आणि थंडावा मिळवण्याची सोय आहे. जिल्ह्याच्या धावपट्टीवर मे महिन्यात वाट बघत बसलात की तिची किंमत कळते.

सातवी पायरी : पैसे, आणि त्याआधी विमानाची जात

इथे सनदी लेखापाल, विमान कायद्याचा वकील आणि तांत्रिक माणूस एकाच टेबलावर बसले पाहिजेत. वेगवेगळ्या दिवशी भेटलात तर प्रत्येकाचं उत्तर बरोबर येतं आणि एकत्र चुकीचं निघतं.

भारतात विमान खासगी वर्गात नोंदवता येतं किंवा परवानाधारक बिगर-अनुसूचित चालकाकडे, ज्याला सगळे एनएसओपी म्हणतात. खासगी वर्गात कुणाकडूनही भाडं घेता येत नाही. मित्राने इंधनाचे पैसे दिले तरी अडचण होते. एनएसओपीमध्ये विमान भाड्याने देता येतं, पण नियम कडक, दोन वैमानिक, तपासण्या, नोंदी, आणि तुम्हाला हवं तेव्हा विमान दुसऱ्याच्या कामावर असण्याची शक्यता.

कराचा फरक डोळे दिपवणारा आहे. २०२५ च्या २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के आहे, इतर वापराच्या विमानावर ५ टक्के. आयात करताना हाच दर लागतो, सीमाशुल्क वेगळं. ८० कोटींच्या विमानावर ४० टक्के म्हणजे ३२ कोटी. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार विमानावरच्या कराची वजावट फक्त ते पुढे विकणाऱ्याला, प्रवासी किंवा माल वाहतूक करणाऱ्याला किंवा प्रशिक्षण देणाऱ्याला मिळते. कंपनीच्या नावावर घेऊन संचालकांनी वापरलं तर वजावट नाही.

हा फरक बघून काही लोक कागदावर एनएसओपी आणि प्रत्यक्षात खासगी असा मार्ग सुचवतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, त्या वाटेने जाऊ नका. सीमाशुल्क खात्याचे असे वाद वर्षानुवर्षं चालले आहेत आणि जप्तीच्या नोटिसा निघाल्या आहेत. वहीतले दोन रंग काढून लेखापालांपुढे ठेवा, खरा वापर सांगा, त्याप्रमाणे वर्ग निवडा. आयकरात विमानावर घसारा ४० टक्के दराने मिळतो, पण घरच्या सहलींचा भाग वेगळा दाखवावा लागतो. म्हणून ती दुसरी शाई.

चालू खर्च दोन ढिगांत मांडा. विमान उडो न उडो लागणारा: वैमानिकांचे पगार आणि दरवर्षीचं सिम्युलेटर प्रशिक्षण, विमा, हँगर, देखभाल व्यवस्थापन, नकाशे आणि सॉफ्टवेअरच्या वर्गण्या. आणि तासावर लागणारा: इंधन, इंजिनासाठी बाजूला टाकायची रक्कम, उतरण्याचे आणि मार्गाचे आकार. या वर्गातलं विमान तासाला साधारण ६०० लिटर इंधन घेतं. दोनशे तासांना सव्वा लाख लिटरच्या आसपास. विमानाचं इंधन जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. उलवे रायगड जिल्ह्यात येतं, हे नवी मुंबईकरांच्या पथ्यावर आहे.

वैमानिकांबद्दल एक शब्द. ही विमानं एका वैमानिकाने चालवण्यासाठी प्रमाणित असतात आणि विक्रेते ते बचत म्हणून सांगतात. तुमची मुलंबाळं आत बसणार आहेत. जुलैच्या ढगांत, रात्री, गर्दीच्या आकाशात दोन वैमानिकच हवेत. विमा कंपनीही बहुधा तेच मागते.

आठवी पायरी : खरेदीपूर्व तपासणी

दादांनी निवड केली आणि परदेशातलं एक वापरलेलं विमान पक्कं करायला घेतलं. रंग नवा, गाद्या नव्या, फोटो देखणे. दलालाने सांगितलं, "तपासणी नुकतीच झाली आहे, परत कशाला?" मी सांगितलं, हे वाक्य ऐकलं की तपासणी दुप्पट करायची.

क्रम असा ठेवा. आधी हेतुपत्र, त्यात किंमत, तपासणी कुठे आणि कोणत्या यादीनुसार, दोष निघाले तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने, आणि न पटल्यास बयाणा पूर्ण परत, हे सगळं. बयाणा विक्रेत्याच्या खात्यात कधीच नाही, तिसऱ्या पक्षाच्या राखीव खात्यात. तपासणीची कार्यशाळा अशी निवडा जिने आजवर हे विमान सांभाळलेलं नाही. स्वतःच्या जुन्या कामातली चूक शोधायला कुणाचाही हात जड होतो.

आधी कागद, मग पाना. पहिल्या दिवसापासूनच्या सलग नोंदवह्या हव्यात. एक वही हरवली असेल तर विमानाची किंमत मोठी घसरते आणि आपल्याकडे नोंदणीतही खोळंबा होतो. प्रत्येक बदललेल्या भागाचं प्रमाणपत्र, सगळ्या अनिवार्य सुरक्षा आदेशांची पूर्तता, अपघात वा मोठ्या दुरुस्तीची नोंद बघा. नवा रंग दिसला तर विचारा, का दिला? त्याखाली कधीकधी गारांनी पडलेले पोचे किंवा गंज असतो.

विमानावर मी स्वतः सहा ठिकाणी वेळ घालवतो. इंजिनात बोरोस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घालून पात्यांच्या कडा. शौचालयाखालची फरशी, कारण गळती तिथे वर्षानुवर्षं दडते. चाकांचे खण. खिडक्यांतल्या बारीक चिरा. समोरच्या काचेचे सुटू लागलेले थर. आणि इंधनटाकी, दमट हवेत इंधनात बुरशी वाढते आणि टाकी आतून खाते. दादांच्या त्या देखण्या विमानात फरशीखाली गंज सापडला, दुरुस्तीचा अंदाज मोठा निघाला, विक्रेता खर्च उचलायला तयार झाला नाही. राखीव खात्यातला बयाणा परत आला आणि आम्ही पुढचं विमान बघितलं. दादा नाराज होते. वहिनींनी डायरीत तारीख टाकून लिहिलं, 'नाही घेतलं'.

इंजिन कोणत्या देखभाल-योजनेत नोंदलेलं आहे हे तितकंच पाहा. दर तासाला ठरावीक रक्कम भरायची आणि मोठं काम योजनेतून करून घ्यायचं, अशी ती पद्धत. या इंजिनांची मोठी उघडणी ५,००० तासांच्या आसपास येते. योजना असेल तर ती तुमच्या नावावर हस्तांतरित होते का आणि मागची थकबाकी नाही ना, हे इंजिन कंपनीकडून लेखी घ्या, विक्रेत्याच्या शब्दावर नको.

चाचणी उड्डाणात पूर्ण उंचीवर जा. ४५,००० फुटांसाठी प्रमाणित विमान असेल तर तिथे केबिनचा दाब स्थिर राहतो का, दोन्ही इंजिनांचं तापमान सारखं आहे का, स्वयंचालक उपकरणांच्या मार्गावर नीट उतरतो का. मी मागच्या आसनावर डोळे मिटून बसतो आणि दाराच्या रबराचा आवाज ऐकतो.

शेवटची पायरी : नोंदणी आणि ताबा

डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, आयातीची परवानगी, व्हीटी अक्षरांनी सुरू होणारी भारतीय नोंदणी, उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र, रेडिओ परवाना, कमी अंतराच्या उंचीपट्ट्यात उडण्याची मान्यता, या सगळ्याला महिने लागतात. वापरलेल्या विमानाला आयातीची वयोमर्यादा आहे, ती हेतुपत्रावर सही करण्याआधी त्या दिवसाच्या नियमानुसार तपासा. देखभालीसाठी डीजीसीए मान्यताप्राप्त संस्था त्या मॉडेलचं काम भारतात करते का, हेही तेव्हाच. करत नसेल तर टायर बदलण्यापलीकडच्या प्रत्येक कामाला विमान परदेशी न्यावं लागेल. मालकीवर कुणाचं कर्ज वा हक्क आहे का, याचा शोध डब्लिनमधल्या आंतरराष्ट्रीय नोंदणीत घ्या. विमानांवरचे कर्जाचे आणि मालकीचे हक्क जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय केपटाऊन कराराच्या तरतुदींना भारताने २०२५ मध्ये स्वतंत्र कायदा करून बळ दिलं आहे.

ताब्याच्या दिवशी पैसे सुटण्याआधी तपासणीतले सगळे दोष दुरुस्त झाल्याची सही घ्या, नोंदवह्यांच्या पेट्या मोजा, इंजिनांचे आणि चाकांचे क्रमांक यादीशी स्वतः पडताळा. इंजिनांची झाकणं, ओढायचा दांडा, चाकांची कुलपं, जास्तीच्या किल्ल्या यादीत असतात आणि नेमक्या त्याच गोष्टी मागे राहतात. दादांनी अखेर घेतलेल्या विमानाचा ओढायचा दांडा असाच राहिला होता. तो मागवायला तीन आठवडे गेले, आणि तोवर विमान हँगरमध्ये हलवायचं झालं की आम्ही शेजारच्यांचा मागून आणत होतो.